हिरवी बाजू वर

चहा घेत घेत ऐका, पण एक अट आहे. हसू आलं की कप आधी खाली ठेवायचा. मागे हा किस्सा ऐकताना माझ्या चुलतजावेनं चहा नाकातून बाहेर काढला होता. तेव्हापासून ती माझ्याकडे आली की फक्त पाणी पिते.

तर गोष्ट अशी, की मी एकदा एका चांगल्या हिंडत्याफिरत्या परदेशी पाहुण्याला जेवायला घालून आडवा केला. विष नाही हो घातलं! त्याहून वाईट. आग्रह केला.

तेव्हा गावाचं नाव अजून बंगलोरच होतं. पुण्याहून इथे येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. सुहास, म्हणजे आमचे हे, बोम्मसंद्र्याच्या एका लहानशा कारखान्यात होता. पाण्याच्या मोठमोठ्या नळांना जे व्हॉल्व्ह लागतात ना, त्यांचे सुटे भाग तिथे व्हायचे. ब्राझीलच्या एका कंपनीला ते भाग हवे होते. नमुने तयार होते, आणि ते तपासायला दोघंजण येणार होते. रविवारी दुपारी जेवण, सोमवारी सकाळी तपासणी, सोमवारी संध्याकाळी विमान.

ऑर्डर मिळाली तर सुहासचा विभाग राहणार. नाही मिळाली तर? मूर्तीसाहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, म्हणाले होते, "देन वुई विल हॅव टु थिंक, जोग." आता, साहेबलोक विचार करायला लागले की आपण सामान बांधायला लागायचं, एवढं मला कळत होतं.

आणि शनिवारी सुहासनं बॉम्ब टाकला. "मूर्तीसाहेब म्हणाले, मिसेसना पण आणा."

"मला? कशाला?"

"पाहुण्यांना घरगुती वाटावं म्हणून. आणि अगं, या वेळी जरा लक्ष दे गं पाहुण्यांकडे."

'या वेळी' हे दोन शब्द त्यानं हळूच म्हटले, पण लागायचे तिथे लागले. त्याआधीच्या दिवाळीत साहेबांनी सगळ्यांना हॉटेलात जेवायला बोलावलं होतं, तेव्हा मी अख्ख्या जेवणात दोन वाक्यं बोलले होते. त्यातलं एक आमच्या मनूच्या खोकल्याबद्दल होतं. उरलेला वेळ मी मॅनेजरच्या टेबलावरून शेजारणीला फोन करून तिची चौकशी करत होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुहासला विचारलं, "युवर वाइफ इज अँग्री विथ अस?"

म्हणून मी ठरवलं. चिकपेटेच्या बाजारातून आणलेली मोरपंखी साडी नेसायची, मनूला शेजारच्या जयम्मा अक्कांकडे ठेवायचं, एकदाही फोन करायचा नाही, आणि पाहुण्यांकडे लक्ष द्यायचं म्हणजे द्यायचंच!

इथे मनूबद्दल सांगायला हवं. मनू तेव्हा दोन वर्षांची होती आणि ती जेवायची नाही. डॉक्टर म्हणायचे, वजन अगदी छान आहे. मला वाटायचं डॉक्टरांचा काटा बिघडलाय. दिवसाचे चार तास मी वाटी घेऊन तिच्या मागे फिरत असे. लोकांची मुलं आधी 'आई' म्हणतात, 'बाबा' म्हणतात. माझी मुलगी पहिला शब्द बोलली तो 'नको'. पण मीही काही कमी नव्हते. "मनू, तो बघ पोपट!" म्हणायचं, तिनं मान वळवली की घास तोंडात. दिवसाला पंधरा-वीस पोपट उडवत होते मी.

आणि मुळात माझं रक्तच तसलं. माझे वडील, नाना, सांगलीला पोस्टमास्तर होते. पण त्यांची खरी कीर्ती पंगतीत वाढण्याची. लग्नघरचे लोक त्यांना अक्षतेच्या आधी वाढपाचं बोलावणं करायचे. नाना वाढायला असले की दोन पराती जिलबी जास्त काढायची, असा आचाऱ्यांचा नियमच होता. नानांचं शास्त्र मला पाठ होतं. पाहुण्याचं पहिलं 'नको' म्हणजे रीत. दुसरं 'नको' म्हणजे संकोच. हात आडवा धरला तर अजून दोन जिलब्यांची जागा आहे. माणूस पानावर ओणवा झाला, तरच पुढे सरकायचं.

अशी ही मी, रविवारी साडेबाराला त्या पंचतारांकित हॉटेलात शिरले.

मूर्तीसाहेबांनी पेपरात वाचलं होतं, की तिथे आठवडाभर ब्राझिलियन जेवणाचा महोत्सव आहे. "दे विल फील अ‍ॅट होम!" असं म्हणून त्यांनी टेबल सांगून ठेवलं होतं. स्वतः मात्र ते शुद्ध शाकाहारी, घरून दहीभात खाऊन आले होते. मीही शाकाहारी. सुहास बाहेर थोडंफार खातो, पण त्या दिवशी टेन्शननं त्याच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. म्हणजे खाणारे दोनच, ते पाहुणे.

त्यातले मोरेरा म्हणजे हसरा डोंगर. हात हातात घेतला तर माझा हात दिसेनासा झाला. खरेदीचं सगळं ते बघायचे. दुसरा पाउलो, तिशीचा असेल, क्वालिटीचा माणूस. गप्प, सभ्य आणि लुकडा. इतका लुकडा, की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. त्याचं ते मनगट बघून वाटलं, कुणाचं लेकरू हे? घरी कुणी विचारतं का नाही याला?

हिरवळीवर छत्र्या लावल्या होत्या, पलीकडे निखारे धगधगत होते. वाढपी लोकांना चामड्याच्या टोप्या आणि गुडघ्यापर्यंत बूट घालायला लावले होते. आमच्याकडे आला तो मिशाळ, पन्नाशीचा, नाव मंजुनाथ, हासन जिल्ह्यातला. त्या टोपीत तो बिचारा यक्षगानाच्या खेळाला निघालेला आणि चुकून इकडे आलेला वाटत होता.

त्यानं प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक लाकडी चकती ठेवली. एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल. आणि समजावून सांगितलं. हिरवी बाजू वर असेल तोवर आम्ही सळयांवरचं भाजलेलं मांस घेऊन येत राहू आणि ताटात कापून घालत राहू. पुरे झालं की लाल बाजू वर करा. मग कुणी येणार नाही.

नाही, नाही, घाई करू नका. मला ते कळलं नाही असं समजू नका. मला सगळं नीट कळलं होतं. हिरवं म्हणजे वाढा, लाल म्हणजे नको.

आणि 'नको' म्हणजे काय, हे माझ्याइतकं त्या टेबलावर दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

जेवण सुरू झालं. हातभर लांब सळया यायच्या, सुरी फिरायची, ताटात तुकडे पडायचे. कसलं मांस ते मी विचारलं नाही. माझ्या वाट्याला भाजलेला अननस आणि चीजचे गोळे होते, ते पाच मिनिटांत संपले. मग मी करणार काय? लक्ष देणार! सुहास टेबलाच्या पार त्या टोकाला मिठाच्या आणि मिऱ्याच्या बाटल्या आडव्या करून मोरेरांना व्हॉल्व्ह समजावत होता. माझ्या समोर पाउलो.

त्यानं तीन तुकडे खाल्ले. तीन! आणि हळूच चकती लाल केली.

तीन तुकड्यांत पोट भरतं का कुणाचं? मनूसुद्धा पाच घास खाते, पोपट असले तर!

"नो, नो, मिस्टर पाउलो!" मी हसून म्हटलं. "यू हॅव ईटन नथिंग!" आणि सगळ्यांदेखत चकती हिरवी केली.

पाउलोनं माझ्याकडे बघितलं. मग मूर्तीसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी डोळे मिटून मान अशी गंभीरपणे हलवली. मला वाटलं, माझं कौतुक करतायत. पाउलोनं काटा उचलला.

बघा! रीत होती नुसती. नाना बरोबरच सांगायचे.

दोन सळया झाल्यावर चकती पुन्हा लाल. हा झाला संकोच. आता सगळ्यांसमोर सारखं सारखं करणं बरं दिसत नाही, म्हणून मी पाण्याच्या भांड्याकडे हात नेला आणि येता येता पदराआडून चकती उलटवली. सफाईनं! चार तास वाटी घेऊन फिरणाऱ्या बाईच्या हातात काय काय कला असतात, कल्पना नाही तुम्हाला.

पाउलो चकतीकडे बघत राहिला. डोळे चोळले त्यानं. तेवढ्यात मंजुनाथ आला.

तिसऱ्यांदा त्यानं चकती लाल केली आणि तिच्यावर हात ठेवला. चक्क आडवा हात! म्हणजे दोन जिलब्यांची जागा. पण हात काही तो उचलेना. मग मला समोरच्या झाडावर खरोखरीचा पोपट दिसला. देवानंच धाडला असणार.

"लुक, मिस्टर पाउलो! पॅरट!"

सभ्य माणूस तो. वळून बघितलं, बोटही दाखवलं. हात उचलला गेला, आणि चकती हिरवी.

मंजुनाथ सळई घेऊन आला, पण या वेळी घुटमळला. पाउलोच्या चेहऱ्याकडे बघून मला हळूच म्हणाला, "साकु अंतारे, मॅडम." पुरे म्हणतायत ते.

माझं कन्नड भाजीवाल्याकडे शिकलेलं, जेमतेम बारा शब्दांचं. पण त्या दिवशी सरस्वती जिभेवर होती. "हागे अंतारे, अण्णा! स्वल्प हाकि!" ते तसंच म्हणतात हो, घाला थोडं!

मंजुनाथच्या मिशीत हसू फुटलं. त्या टोपीखाली आपलाच माणूस होता. पंगतीत वाढलेला, पंगतीत नको नको म्हणून चार होळग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, जास्त खाल्लेला. त्यानं असा तुकडा कापला, असा तुकडा कापला, की मोरेरांनीही वळून बघितलं.

यानंतर आणखी एक पोपट झाला. तो खरा नव्हता. पाउलोनं बराच वेळ झाडात शोधला.

मी मनातल्या मनात मोजत होते. मनूचे मोजते तसे. चौदा तुकडे! आणि ताटात एक कण टाकला नाही त्यानं. गुणाचं लेकरू! शेवटी तो टेबलावर दोन्ही कोपरं टेकून ताटावर ओणवा झाला, तेव्हाच मी पुढे सरकले. म्हणजे मंजुनाथला 'साकु' म्हटलं. शास्त्र म्हणजे शास्त्र.

निघताना मूर्तीसाहेब म्हणाले, "मॅडम, एक्सलंट हॉस्टेस!" मोरेरा माझा हात हातात घेऊन उगाचच खूप वेळ हसले.  पाउलो सावकाश, पोटाशी काहीतरी नाजूक सामान धरल्यासारखा गाडीत बसला.

घरी येताना रिक्षात सुहास म्हणाला, "आज तू कमाल केलीस. त्याचं तोंड रिकामं दिसलंच नाही मला."

मी नुसती मान डोलावली. मोठी माणसं विजयानंतर फार बोलत नाहीत.

जयम्मा अक्कांच्या दारात मनू बसली होती, समोर स्टीलची ताटली, ताटलीत इडलीचे चार कण.

"दोन इडली," अक्का म्हणाल्या. अक्का माझ्याशी हिंदी आणि कन्नड कालवून बोलायच्या.

"दोन? कैसे खिलाया, अक्का?"

"खिलाया नहीं. ताटली रखा, मैं उधर मुँह करके शेवगा छील रही थी. उसने खाया." आणि मग मनगट झटकून, "देखने से बच्चा नहीं खाता. सुम्ने रहो." गप्प राहा म्हणे!

मी मनात म्हटलं, शेजारणीकडे काय, सगळीच मुलं जेवतात. आग्रह करायला अंगात दम लागतो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता अक्कांनी खिडकीतून हाक मारली. फोन त्यांच्याकडेच होता. पलीकडे सुहास होता.

"पाउलो आलाच नाही. मोरेरा एकटेच आलेत. तो म्हणे पलंगावरून उठत नाहीये, डॉक्टर बोलावला हॉटेलनं. अपचन, पोट गच्च. आणि नमुन्यांवर सही त्याचीच लागते गं! संध्याकाळी विमान आहे."

चौदा तुकडे, मी मनात पुन्हा मोजले.

"कालच्या हॉटेलात काहीतरी खराब होतं," सुहास पुढे बोलतच होता. "साहेब भडकलेत नुसते. आत्ता निघालेत तिकडे, म्हणतात त्या वाढणाऱ्यालाच जाब विचारतो. तोच सारखा सारखा घालत होता म्हणे त्याच्या ताटात."

मंजुनाथ! यक्षगानातल्या राजासारखा टोपी घालून, माझ्या बारा शब्दांवर विश्वास ठेवणारा तो माणूस!

"सुहास, साहेबांना थांबव."

"का?"

"काही खराब नव्हतं. मी केलंय ते."

"तू? तू काय केलंस?"

"आग्रह," मी म्हटलं. आणि चकतीचं सगळं सांगितलं. पोपटांसकट.

 सुहास अगदी हळू म्हणाला, "दुसरा पोपट खरा नव्हता?"

"नव्हता."

"साहेबांना काय सांगू मी?"

"खरं सांग. आणि मी पाउलोकडे जातेय."

"तू? तू नको जाऊस! प्लीज! तू घरी बस!"

पण आता मी ठरवलं होतं. ज्या हातानं घाण केली, त्याच हातानं निस्तरायची. नोकरी गेली तर माझ्यामुळे जाईल, निदान मंजुनाथची तरी जायला नको. कुकर लावला. मऊ भात घोटला, ओवा भाजला, ताक घुसळून त्यात जिरं-सैंधव घातलं. डबा एका हातात, मनू दुसऱ्या काखेत, आणि रिक्षा.

पाहुणे उतरले होते त्या हॉटेलच्या लॉबीतून मी वर निरोप धाडला. पंधरा मिनिटांनी लिफ्टचं दार उघडलं. भिंतीला हात लावत पाउलो आला. चेहऱ्याचा रंग थेट चकतीच्या हिरव्या बाजूचा. मला बघून तो थबकला. मग त्याला डबा दिसला, आणि तो एक पाऊल मागे सरकला. खरंच सरकला! लिफ्टचं दार तोवर बंद झालं होतं, नाहीतर गेलाच असता परत.

"मिस्टर पाउलो," मी इंग्रजीत म्हणाले, तोंडपाठ करून आले होते रिक्षात, "काल तुमची चकती मी उलटवत होते. दर वेळी. तुमची चूक नाही, हॉटेलची नाही, वाढणाऱ्याची नाही. माझी. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की आम्ही ते खरं मानत नाही."

तो सोफ्यावर टेकला.  मग त्याच्या त्या हिरव्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही," तो म्हणाला.

"अं?"

"मी लाल करतो, ती हिरवी होते. मी लाल करतो, ती हिरवी होते. रात्री मी बायकोला फोन करून सांगितलं, माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड झालाय."

"पण मग तुम्ही खात का राहिलात? ताटात टाकून द्यायचंत!"

"कसं टाकू? मिस्टर मूर्तींनी विमानतळावरून येताना गाडीत सांगितलं, भारतात यजमानीणबाईंना नाही म्हणू नका. ताटात काही टाकलं तर तो अपमान समजतात." त्यानं कपाळ पुसलं. "मी त्यांच्याकडे बघितलं सुद्धा. त्यांनी मान हलवली."

म्हणजे ती मान! मला वाटली कौतुकाची, आणि ती होती त्या बिचाऱ्याला खा म्हणून!

"आणि," पाउलो अगदी गंभीरपणे म्हणाला, "दुसरा पोपट नव्हता. मी नीट बघितलं होतं."

क्वालिटीचा माणूस हो तो. त्याच्या नजरेतून सुटणार काय?

मी डबा उघडला. ताक पेल्यात ओतलं. तोंडापर्यंत आलं होतं, "घ्या ना, थोडंसं तरी, माझ्यासाठी," पण कानात जयम्मा अक्का बसल्या होत्या. सुम्ने रहो. मी पेला टेबलावर ठेवला, शेजारी भाताची वाटी आणि ओवा ठेवला, आणि पाठ फिरवून लॉबीतलं कारंजं बघत बसले.

आयुष्यातली सर्वांत कठीण दहा मिनिटं! बाळंतपण सोपं गेलं मला. जीभ दातांत धरून ठेवली होती. मान वळायला बघत होती, तिला मी हातानं धरून ठेवली. मागे पेला उचलल्याचा आवाज. ठेवल्याचा आवाज. पुन्हा उचलल्याचा. मग चमचा वाटीवर वाजायला लागला, भराभर. म्हटलं, चला, भूक लागली याला! राहवेना. वळून बघितलं.

पाउलो रिकामा पेला हातात घेऊन शांत बसला होता. भात मनू खात होती. आपल्या हातानं. वाटी मांडीत घेऊन, कुणीही न सांगता, तळ खरवडून!

दुपारी दोन वाजता पाउलो कारखान्यात गेला. सुहास म्हणतो, एकेक नमुना त्यानं दोनदा तपासला, आणि प्रत्येकाची दुसरी बाजू उलटून पाहिली. मग सही केली. मूर्तीसाहेबांनी यातलं काय काय ऐकलं मला माहीत नाही, पण पुढच्या पार्टीच्या वेळी त्यांनी माझी खुर्ची मुद्दाम दोन शाकाहारी माणसांच्या मधे ठेवली होती. मंजुनाथला मात्र मी जाऊन भेटले त्याच दिवशी; नोकरी शाबूत होती त्याची. सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, माझी आजी असती तर तुम्हाला घरी घेऊन गेली असती.

इथे संपलं असतं तर बरं होतं. माझी थोडी तरी अब्रू राहिली असती.

पुढच्या वर्षी ते दोघं पुन्हा आले. या वेळी मोरेरांनी स्वतःच कळवलं, की जेवण जोगांच्या घरी. मी पुरणपोळीचा बेत केला. सुहासनं आदल्या दिवसापासून मला शपथा घातल्या होत्या. मनू आता तीन वर्षांची, ताट घेऊन पाउलोच्या शेजारीच बसली.

पहिली पोळी पाउलोनं मन लावून खाल्ली. दुसरी अर्धी खाल्ली. मी तुपाची वाटी घेऊन उठले, एवढंच, उठले फक्त. तर त्यानं खिशात हात घातला आणि ताटाशेजारी काहीतरी ठेवलं. लाकडी चकती. लाल बाजू वर.

मोरेरा हसायला लागले. सुहास हसायला लागला. मीही हसले, आणि गंमत म्हणून, अगदी गंमत म्हणूनच हं, चकती उलटवली.

ती त्या बाजूनंही लाल होती.

"आमच्या गावच्या सुतारानं खास केली," पाउलो म्हणाला. "तुमच्यासाठी."

काय हसलो आम्ही! जाताना त्यानं ती चकती मला भेट दिली, आणि मी शोकेसमध्ये ठेवायची म्हणून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाचा पेला घेऊन मनूसमोर गेले. मनूच्या पुढ्यात ती चकती. लाल.

मी पेला खाली ठेवला आणि ती उलटवली. लाल.

पुन्हा उलटवली. लालच!

"मनू, हे काय गं?"

"आई," मनू दाराबाहेर बोट दाखवून म्हणाली, "तो बघ पोपट!"

आणि आता काय लपवायचं तुमच्यापासून? मी बघितलं.

वळले तर पेला रिकामा, मनू हाताची घडी घालून बसलेली, आणि तिच्यामागच्या खिडकीतली तुळस मुळापर्यंत पांढरीशुभ्र.